वाळवी आणि आपले घर : उपायांची निवड कशी करावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बृहन्महाराष्ट्राची घडण अशा थोर विषयांवर विद्वानांनी विचार मांडले. त्यांच्या मागोमाग वाळवीसारख्या क्षुद्र कीटकावर बोलण्याची इच्छा आम्ही कळविली, तेव्हा कार्यवाहांनी विषय बदलण्यास काही वाव आहे काय, अशी अत्यंत सौजन्यपूर्वक पृच्छा केली होती. वाव नव्हता, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण असे की, या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळजण निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. तीस-पस्तीस वर्षे सरकारी निवासस्थानांत आणि भाड्याच्या घरांत काढल्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांतून आयुष्यात एकदाच एक घर बांधावयाचे, हा आपल्यासारख्या नोकरदारांचा क्रम. कोणी ते येथेच बांधतो, कोणी पुण्यानागपुरास, कोणी कोकणातील वडिलोपार्जित जागेवर. दुसरे कारण आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाचे. गेल्या पावसाळ्यानंतर तेथील सर्वांत खालच्या फळीवरील पुस्तके मागच्या बाजूने पोखरलेली आढळली आणि सभांच्या जुन्या इतिवृत्तांचा एक गठ्ठा हातात घेताच त्याची माती झाली. कार्यकारिणीपुढे आता तीन दरपत्रके आहेत. सर्वांत कमी दराचे आणि सर्वांत जास्त दराचे यांत चौपटीचे अंतर आहे. निवड कशाच्या आधारे करावयाची, हा प्रश्न तेव्हा केवळ वैज्ञानिक राहिलेला नाही.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. वाळवीस पुष्कळ लोक 'पांढरी मुंगी' म्हणतात, परंतु मुंगीशी तिचे नाते नाही. मुंगी ही मधमाशी व गांधीलमाशी यांच्या गणातली. वाळवी ही झुरळांच्या कुळातली. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची तशी नसते. पंख फुटलेल्या मुंगीचे पुढील पंख मोठे व मागील लहान असतात. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घोंघावणारे किडे आपण नेहमी पाहतो. ते बाहेरून आले असतील तर चिंता नाही. पण सकाळी केर काढताना घराच्या आतच, एखाद्या भिंतीच्या पायथ्याशी किंवा चौकटीजवळ अशा सारख्या पंखांचा खच पडलेला दिसला, तर वाळवीची वसाहत घरात किंवा घराला लागूनच आहे असे समजावे.

आपल्या परंपरेला वाळवी अपरिचित नाही. वाल्मीकी हे नावच वल्मीकापासून, म्हणजे वारुळापासून आलेले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत, दकार्गल या भूजलविषयक प्रकरणात, वारूळ हे जमिनीखालील पाण्याचे एक चिन्ह मानले आहे. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो आणि 'आयत्या बिळावर नागोबा' असे म्हणतो. ते बीळ आयते करून ठेवणारी कामकरीण बहुधा वाळवीच असते. तिच्या काही जाती वारुळाच्या पोटात चक्क बुरशीची शेती करतात. चावलेला पालापाचोळा व लाकूड यांवर ही बुरशी वाढते आणि वाळवी ती खाते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात पावसाळ्यात मोठ्या आवडीने खाल्ली जाणारी रोयणीवरची अळमी ही याच शेतीतून जमिनीवर आलेली छत्रे होत.

जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत आणि त्यांपैकी घराला उपद्रव देणाऱ्या फार थोड्या. उरलेल्या जाती रानात पडलेल्या लाकडाची माती करून जमिनीचा कस वाढवितात. म्हणून वाळवीचा निर्वंश करण्याची भाषा व्यर्थ आहे. तिने आपल्या उंबरठ्याबाहेर राहावे, एवढेच आपले मागणे असावे.

घराच्या दृष्टीने वाळवीचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिली जमिनीखालची वाळवी. तिचे घर मातीत असते आणि तिला सतत ओलावा लागतो. उघड्या हवेत ती वाळून मरते, म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती मातीचे बोगदे करीत येते. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसते, तीच तिची वाट. दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. हिला जमिनीशी कर्तव्य नसते. ती चौकटीत, पलंगात किंवा वाशातच वस्ती करते आणि खसखशीएवढे कठीण, कंगोरेदार दाणे बाहेर टाकते. समुद्रकिनाऱ्याच्या दमट प्रदेशात ती विशेष आढळते. दोहोंवरील उपाय अगदी वेगळे आहेत. जमिनीत शेकडो लिटर औषध ओतल्याने पलंगातील वाळवीस काहीच होत नाही. आणि पलंगाला औषध चोपडल्याने जमिनीतील वाळवी दुसऱ्या वाटेने येते. सबब दरपत्रक मागविण्यापूर्वी मातीची रेघ आहे की दाणे आहेत, हे स्वतः पाहावे.

आता उपायांकडे वळू. घरगुती उपाय आपणा सर्वांस ठाऊक आहेत: रॉकेल, डांबर, कडुलिंबाचा पाला, चुना, कोकणात वाशांना लावले जाणारे काजूच्या टरफलांचे तेल. यांची थट्टा करण्याचे कारण नाही. डांबर आणि काजूच्या टरफलांचे तेल लाकडाच्या पृष्ठभागाचे काही काळ रक्षण करतात. परंतु यांपैकी कोणताही उपाय जमिनीतील वसाहतीपर्यंत पोहोचत नाही. रॉकेल दृष्टीसमोरची वाळवी मारते, उडून जाते, आणि आगीचा धोका मात्र मागे ठेवते.

रासायनिक उपायांचा इतिहास थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळ जाणत्या मंडळींच्या तोंडी अजूनही जुनी नावे असतात. ऑल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर ही औषधे एके काळी पायाभरणीच्या वेळी सर्रास ओतली जात. ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकत, हाच त्यांचा गुण मानला जाई. पुढे तोच दोष ठरला. ती अन्नात, दुधात आणि मनुष्याच्या चरबीत साठून राहतात. आपल्या देशात १९९६ साली या तिन्हींवर बंदी आली. अशा चिरस्थायी प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि भारताने त्यास २००६ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर अनेक वर्षे क्लोरपायरीफॉस हे मुख्य औषध राहिले. अमेरिकेत त्याचा घरगुती वापर बंद करण्याचा निर्णय २००० सालीच झाला होता आणि मे २०२५ मध्ये, काही वापरांपुरती सवलत ठेवून, स्टॉकहोम कराराच्या यादीतही त्याचा समावेश करण्याचे ठरले. तात्पर्य, 'पूर्वीचे ते जालीम औषध मिळवून देतो' असे कोणी कानात सांगितले, तर त्यास नम्रपणे दाराबाहेरची वाट दाखवावी.

आज वापरात असलेल्या औषधांचे कार्य दोन रीतींनी चालते. बायफेन्थ्रिनसारखी औषधे वाळवीला जाणवतात आणि ती मागे फिरते. मात्र कोठे औषध पोहोचले नसेल तर तेवढी फट ती शोधून काढते. इमिडाक्लोप्रिड व फिप्रोनिल ही औषधे तिला जाणवतच नाहीत. ती त्या मातीतून ये-जा करते, औषध अंगावर घेऊन परतते, आणि एकमेकींना चाटण्या-भरविण्याच्या त्यांच्या सवयीमुळे विष इतरांतही पसरते. बांधून झालेल्या घरात जेथे अखंड वेढा घालणे अवघड, तेथे आम्ही दुसरा प्रकार पसंत करतो.

परंतु औषधाच्या नावापेक्षा त्याचे प्रमाण अधिक महत्त्वाचे आहे, आणि फसगत होते ती येथेच. या कामासाठी ६३१३ क्रमांकाची भारतीय मानक संहिता आहे. तिचे तीन भाग आहेत: बांधकामातील रचना, बांधकामापूर्वीचे रासायनिक उपचार, आणि उभ्या इमारतीवरील उपचार. नवीन बांधकामात जोत्यातील भरावावर, फरशीखालचे काँक्रीट पडण्यापूर्वी, दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण द्यावे, असे तीत सांगितले आहे. पायाच्या भिंतींलगतच्या भरावास उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर. आता हिशेब करू. १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असे बेताचे घर घेतले तर जोत्याचे क्षेत्र ८० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८६० चौरस फूट. त्यास केवळ जोत्यापुरतेच ४०० लिटर द्रावण लागते. पाठीवरचा पंप १६ लिटरचा धरला, तर पंचवीस पंप झाले! कारागीर एक पंप घेऊन आला आणि चहा होण्यापूर्वीच काम आटोपून निघाला, तर त्याने काय केले याचा अंदाज आपण करू शकता. मूळ औषधाचाही हिशेब असाच घालता येतो. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर ते लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर मिसळतात. म्हणजे ४०० लिटरसाठी ८४० मिलिलिटर. सीलबंद बाटल्या आपल्यासमोर फोडावयास सांगाव्यात आणि रिकाम्या झालेल्या मोजाव्यात. यात संकोच कसला? सोन्याचा भाव विचारून सोनार वजन करीत असताना आपण दुसरीकडे पाहत नाही.

हा वेढा अखंड राहिला पाहिजे. खोदकामाच्या तळापासून जोत्यापर्यंत, नळ व तारा जमिनीतून आत येतात त्या जागांसह, सर्वत्र औषध पोहोचले पाहिजे. पाऊस पडत असताना किंवा माती चिखल झालेली असताना हे काम करू नये. उपचारानंतर ती माती पुन्हा उकरू नये. आपल्या या भागातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगांतून वेढा तुटतो; म्हणून घराभोवती सिमेंटचा पट्टा काढून घेणे येथे विशेष हितकारक ठरते. त्या पट्ट्यावर वाळवीची रेघही चटकन नजरेस पडते. भिंतीला चिकटून फुलझाडांचे वाफे, सरपणाचा ढीग किंवा गळका नळ असू नये. यास एक पैसाही खर्च पडत नाही, आणि म्हणूनच कोणत्याही दरपत्रकात त्याचा उल्लेख सापडत नाही.

बांधून झालेल्या घरात फरशी आणि भिंत यांच्या सांध्यावर ३०० मिलिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटरपर्यंत द्रावण सोडतात व भोके बुजवितात. चार मीटर बाय तीन मीटरच्या खोलीचा परीघ १४ मीटर. म्हणजे सुमारे ४६ भोके. हीही संख्या मोजता येण्याजोगी आहे. पूर्वीच्या एका नेमणुकीच्या गावी आमच्या राहत्या घरी आलेल्या कारागिराने चार कोपऱ्यांत चार भोके पाडून हमीपत्र पुढे केले. आमच्या सौभाग्यवतींनी शिवणकामाचा फीतटेप आणून त्याच्या हाती दिला. संध्याकाळपर्यंत काम यथास्थित पार पडले. मग चहाही झाला.

अलीकडे आमिषाची पद्धतही आपल्याकडे आली आहे. घराभोवती जमिनीत डब्या पुरतात आणि त्यांत वाळवीला आवडणारे खाद्य ठेवून त्यात क्लोरफ्लुअझुरॉनसारखे द्रव्य मिसळतात. वाळवीला कात टाकून नवे कवच बनविता येऊ नये, एवढेच काम ते करते. विषाचे प्रमाण अत्यल्प असते व जमिनीत द्रावण ओतावे लागत नाही. मात्र परिणाम दिसण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात, आणि कोणी तरी नियमाने येऊन डब्या तपासल्या पाहिजेत. ज्यांच्या अंगणात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, त्यांनी विहिरीच्या बाजूस द्रावण ओतण्याचा मोह टाळून ही पद्धत अवलंबावी. कोकणातील जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत तर याविषयी अधिकच दक्ष राहावे. दाराची चौकट पुन्हा बसविता येते. विहिरीचे पाणी पूर्वीसारखे करता येत नाही.

लाकडाची निवड हाही उपायच आहे. सागवान आणि साल यांचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. पण त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग ती सुखेनैव खाते. म्हणून 'सागवानी चौकट' एवढ्या शब्दांवर समाधान न मानता फिकट पट्टा किती आहे ते पाहावे. आंबा आणि सावर ही लाकडे उपचाराशिवाय वापरू नयेत. लाकूड टिकविण्याच्या शास्त्रात आपल्या देशाचे एक मोठे देणे आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे जगभर वापरले गेलेले मिश्रण सोंटी कामेसम यांनी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली शोधून काढले. त्यातील आर्सेनिकामुळे राहत्या घरासाठी आता ते अनेक देशांत टाळले जाते आणि घरातील लाकडास बोरॉनचे क्षार पसंत केले जातात. प्लायवूड घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दाने भुलू नये. तो गुण डिंकाचा आहे, लाकडाचा नव्हे. आतील पदरांवर रक्षक द्रव्याचा उपचार झाला आहे काय, हे स्वतंत्रपणे विचारावे.

कंत्राट देताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, कीटकनाशक अधिनियम १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रणास परवाना लागतो. तो पाहण्यास मागावा. दोन, औषधाच्या वेष्टनावरील नोंदणी क्रमांक, मुदत आणि रंगीत त्रिकोण पाहावा. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा हा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. तीन, औषधाचे नाव, त्याची टक्केवारी आणि एकूण लिटर दरपत्रकात लेखी असावेत. चार, हमीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. हमी पाच वा दहा वर्षांची असली, तरी बहुधा ती पुन्हा औषध मारून देण्यापुरतीच असते. खाल्लेल्या चौकटीची किंमत तीत नसते. काम चालू असताना आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत लहान मुले, गर्भवती स्त्रिया व पाळीव जनावरे यांना दूर ठेवावे. पाण्याच्या टाक्या व अन्न झाकून ठेवावे. उरलेले द्रावण गटारात किंवा ओढ्यात सोडू देऊ नये.

आपल्यापैकी अनेकांचे गावचे घर वर्षातून दहा महिने बंद असते. किल्ली चुलतभावाकडे असते आणि आपण मे महिन्यात किंवा गणपतीत जातो. अंधार, ओल आणि शांतता या वाळवीच्या तिन्ही गरजा अशा घरात भागतात. तेथे नुसत्या औषधाच्या भरवशावर राहू नये. जाल तेव्हा चौकटी व वासे बोटांनी वाजवून पाहावेत. पोकळ आवाज आला तर आत काही उरलेले नाही. छपराची गळती प्रथम काढावी. कपाटे व पेट्या भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून उंच ठेवाव्यात. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना दर महिन्यास एकदा दारे-खिडक्या उघडण्याची विनंती करावी. पेटीत जमिनीचे कागद असतील, कोणाकडे पणजोबांचे मोडी लिपीतील दप्तर असेल, तर ते पुढल्या फेरीत आपल्यासोबत आणावे आणि त्याची छायाप्रत करून ठेवावी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून अशी दप्तरे गोळा करीत होते. आपल्या पेटीतल्या दप्तरासाठी राजवाडे येणार नाहीत. ते काम आपणच केले पाहिजे.

शेवटी मंडळाच्या ग्रंथालयाविषयी. तीन दरपत्रके आम्ही वाचली आहेत. सर्वांत स्वस्त दरपत्रकात द्रावणाचे लिटर नमूद नाहीत आणि पुस्तकांवरच फवारा मारण्याचे आश्वासन आहे. पुस्तकांवर फवारा मारणे म्हणजे वाचकांच्या हातावर मारणे होय. ते दरपत्रक बाजूस ठेवावे. सर्वांत महागड्यात संपूर्ण सभागृहाची फरशी काढण्याचे सुचविले आहे. त्याची आवश्यकता दिसत नाही. मधल्यात ग्रंथालयाच्या खोलीस सांध्यावरील भोकांचा उपचार आणि बाहेरच्या बाजूने आमिषाच्या डब्या असे दोन्ही आहे, व लिटर लेखी आहेत. आमची शिफारस त्याच्या बाजूने आहे. त्यासोबत दोन कामे आपण स्वतः करावीत. सर्व कपाटे भिंतीपासून पुढे ओढावीत, आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन सभासदांनी खालच्या फळीवरची पुस्तके काढून, उघडून, पुसून पुन्हा ठेवावीत. पोलादी कपाटांनाही हा नियम लागू आहे, कारण पत्र्यावरूनही मातीची वाट चढते. वाळवीला सर्वांत जास्त भीती वाटते ती वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची, असे म्हटले तरी त्यात अतिशयोक्ती नाही. हाताळले जाणारे पुस्तक तिला स्वस्थपणे खाता येत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी एकेक पुस्तक नागपुराहून, पुण्याहून ट्रंकेत घालून येथवर आणले, त्यांपैकी काहीजण आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी जमविलेले पुढच्या पिढीच्या हाती धडपणे सोपविणे हे आपले काम आहे. पहिल्या रविवारी कोणते दोन सभासद येणार, त्यांची नावे कार्यवाहांनी आजच टिपून घ्यावीत. त्यांत पहिले नाव आमचे असावे.